कोथरूड ते बाझल: 58 नग, सात घनमीटर आणि एक यादी

सामान रॉटरडॅम बंदरात उतरलं 27 ऑगस्टला आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या घरात पोचलं 15 सप्टेंबरला. मधलं अंतर रस्त्याने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रकला फार तर दोन दिवसांचं काम. तरीही एकोणीस दिवस लागले. न्हावा शेवाहून आफ्रिकेला वळसा घालून बोट चाळीस दिवसांत आली, तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. समुद्र नसलेल्या देशात सामान न्यायचं तर घोळ बहुधा असाच होतो: समुद्र संपल्यावर आणि घर लागण्याआधी.

प्रकरणातलं कुटुंब प्रातिनिधिक आहे. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको, दोन मुलं. बायकोला बाझलच्या औषधनिर्मिती क्षेत्रात नोकरी लागलेली, बाकीचे कुटुंबीय म्हणून तिच्यासोबत जाणारे. तारखा आणि मापं या एकाच नमुन्याची आहेत. चुका मात्र अशा प्रत्येक स्थलांतरात भेटणाऱ्या आहेत.

काय न्यायचं

पहिली यादी 14 घनमीटरची झाली होती. तिच्यात फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅसची शेगडी, डबल बेड आणि आजोबांचं शिसवी कपाट होतं. स्वित्झर्लंडमधल्या भाड्याच्या घरात शेगडी, भट्टी आणि फ्रिज घरमालकाचे असतात. कपडे धुण्याचं यंत्र बहुतेक इमारतींत तळघरात सामाईक असतं आणि पाळीने वापरायचं असतं. त्यामुळे ही तिन्ही यंत्रं यादीतून गेली. बेड गेला तो मापामुळे. तिकडच्या गाद्या 160 किंवा 180 बाय 200 सेंटिमीटरच्या, आपल्या बेडची मापं इंचातली. गादी आणि चादर जन्मभर जुळत नाही.

विजेची अडचण लोक समजतात तेवढी नाही. दोन्हीकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, फक्त स्विस पिन वेगळी. मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री हे सगळं पिन बदलून चालतं. अडचण चुलीची आहे. तिथे काचेची सपाट शेगडी असते, बऱ्याच घरांत इंडक्शनची. हिंडालियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. गोल बुडाची कढई आणि मध्ये खोलगट झालेला तवा साध्या काचेच्या शेगडीवरही धड तापत नाहीत. सपाट बुडाचं स्टील न्यावं, बाकीचं बहिणीला द्यावं.

कपाटाचा प्रश्न लाकडाचा होता. शिसव आणि शिसम ज्या डालबर्जिया प्रजातीतले, ती जवळजवळ सगळी प्रजाती 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये, परवाना लागणाऱ्या यादीत, आहे. तयार वाद्यांना सूट आहे, 10 किलोपर्यंतच्या लाकडी वस्तूंनाही आहे. शिसवी कपाट त्यात कसं बसणार? घरगुती सामान म्हणून सवलत मागता येते, पण ती मिळेल या भरवशावर कपाट बोटीत चढवणं म्हणजे जुगार. सागाचं असतं तर हा प्रश्नच आला नसता. कपाट मागे राहिलं.

उरलं ते असं:

पुस्तकं, 14 लहान खोकी, प्रत्येकी 0.04 घनमीटर: 0.56
स्वयंपाकघर, 16 मध्यम खोकी, प्रत्येकी 0.085: 1.36
कपडे, रजया, अंथरूण, 14 मोठी खोकी, प्रत्येकी 0.147: 2.06
किरकोळ, 8 मध्यम खोकी: 0.68
मुलांच्या 2 सायकली: 0.35
पेटी म्हणजे हार्मोनियम, लाकडी खोक्यात: 0.20
देवघर: 0.25
शिलाई मशीन आणि घडीचं टेबल, 2 नग: 0.50

एकूण 58 नग, 5.96 घनमीटर, वजन टनाच्या जरा आत. बिल मात्र 6.9 घनमीटरचं आलं. यात लबाडी नाही. मोजमाप पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या सपाट चौकटीवर, रचल्यावर बाहेरच्या कडांवरून होतं, आणि खोक्यांमधल्या फटी व पॅलेटची उंचीही त्यात धरली जाते. घरी टेपने काढलेल्या मापात 15 टक्के मिळवूनच दर विचारावा. सामायिक कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएलमध्ये, एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्याचं भाडं लागतं. घरगुती सामानात जवळजवळ नेहमी घनमीटरच जास्त भरतात. 20 फुटी कंटेनरमध्ये कागदावर 33 घनमीटर मावतात, प्रत्यक्षात 28 च्या आसपास. सामान 13-14 घनमीटरच्या पुढे गेलं की अख्ख्या कंटेनरचा दर मागवून पाहावा. कित्येकदा तोच परवडतो.

दर कुठपर्यंतचा

तीन दर आले. सगळ्यात स्वस्त दर बाकीच्या दोघांच्या निम्म्याहून कमी होता. फरक एका ओळीत होता: तो रॉटरडॅमपर्यंतचा होता. एलसीएलच्या धंद्यात समुद्रभाडं मुद्दाम कमी दाखवतात आणि वसुली उतरणीच्या बंदरात होते. कंटेनर उघडणं, गोदाम, कागद सोडवणं, पुढचा ट्रक, सगळ्याचं बिल तिथे निघतं. तोवर सामान त्यांच्या ताब्यात असतं, घासाघीस कोण करणार?

म्हणून दर मागताना एकच प्रश्न पुरतो: बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे वाहतूकदार माल ताब्यात घेताना देतो त्या दस्तऐवजावर, ‘उतरणीचं बंदर’ रॉटरडॅम असेल, पण ‘पोचवण्याचं ठिकाण’ या रकान्यात काय लिहिणार? तिथे बाझल असेल तर बाझलपर्यंतची जबाबदारी त्यांची. रकाना रिकामा असेल तर त्यांचं काम रॉटरडॅमच्या धक्क्यावर संपलं.

हा रकाना स्वित्झर्लंडच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा. ऑस्ट्रिया किंवा चेक प्रजासत्ताकही भूवेष्टित आहेत, पण ते युरोपीय संघात आहेत. स्वित्झर्लंड नाही. रॉटरडॅमला उतरलेलं सामान संघाच्या हद्दीत येतं, पण संघाला ते आयात करायचं नसतं. ते सीलबंद अवस्थेत हद्द ओलांडून पलीकडे जायचं असतं. त्यासाठी टी-1 नावाचा पारगमन दस्तऐवज निघतो. तो काढणारा एजंट आर्थिक हमी देतो, ठरलेल्या मुदतीत सामान स्विस कस्टम्ससमोर उभं करतो आणि तिथे टी-1 बंद करून घेतो. बंद झाला नाही तर माल नेदरलँड्समध्येच मुरला असं गृहीत धरून तिथलं शुल्क आणि 21 टक्के मूल्यवर्धित कर हमीदाराकडे मागितला जातो. तो अर्थातच तुमच्याकडे मागतो. सामान हातात आल्यावरही ‘टी-1 बंद झाला का’ हे लेखी विचारून घ्यावं.

पूर्ण कंटेनर असेल तर ऱ्हाईन नदीतून बार्जनेही बाझलला जातो. तिथे खरंखुरं नदीबंदर आहे, क्लाइनह्युनिंगेन आणि बिर्सफेल्डेनला धक्के आहेत. समुद्रावर फिरणाऱ्या स्विस झेंड्याच्या जहाजांच्या पाठीवरही गाव म्हणून ‘बाझल’ लिहिलेलं असतं, हे वाचून मुलांना मजा वाटते. पण नदीचं पाणी उतरलं की बार्ज अर्धा भरून चालवतात आणि जादा आकार लावतात. ऑक्टोबर 2018 मध्ये ऱ्हाईनवरच्या काउब इथल्या मोजपट्टीवर पाणी 25 सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. आपल्या सात घनमीटरला हा प्रश्न नव्हता, ते ट्रकनेच जाणार होतं.

यादी

घरसामान करमुक्त आत घ्यायला स्वित्झर्लंडच्या अटी मोजक्या आहेत. सामान तुम्ही स्वतः किमान सहा महिने वापरलेलं हवं, पुढेही स्वतःच वापरणार असलं पाहिजे, आणि ते स्थलांतराच्या सुमारास आलं पाहिजे. अर्ज 18.44 क्रमांकाच्या नमुन्यावर होतो. सोबत सामानाची यादी, पासपोर्ट, निवास परवाना किंवा तो मिळणार असल्याची लेखी हमी, नोकरीचा करार आणि घरभाड्याचा करार लागतो.

सहा महिन्यांची अट मराठी घरात नेमकी कुठे मोडते, ते तुळशीबागेत जाऊन पाहावं. परदेशी जायचं ठरलं की आधीच्या महिन्यात नवे डबे, नवा मिक्सर, नव्या चादरी, मुलांसाठी एक माप मोठे स्वेटर, सगळी खरेदी होते. म्हणजे जे सामान सगळ्यात हौसेने नेलं जातं तेच अटीत बसत नाही. पॅकर ते मूळ खोक्यात, लेबल आणि पावतीसकट भरतो, म्हणजे पुरावाही सोबतच जातो.

उपाय लपवण्यात नाही. यादीच्या शेवटी ‘नेहमीप्रमाणे कर भरून घ्यायच्या वस्तू’ असा वेगळा भाग करतात आणि नवं सगळं तिथे किमतीसह लिहितात. 1 जानेवारी 2024 पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयात शुल्कच काढून टाकलं आहे. उरतो फक्त 8.1 टक्के मूल्यवर्धित कर. या कुटुंबाकडे 400 फ्रँकचं नवं सामान होतं, त्यावर 32 फ्रँक 40, शिवाय त्याच्या वाट्याच्या भाड्यावरचा थोडा कर. एवढ्यासाठी 58 नगांची झडती ओढवून घेणं शहाणपणाचं नाही.

यादी इंग्रजीत चालते, पण ती माणसासारखी लिहिलेली हवी. पॅकरने 23 नंबरच्या खोक्यापुढे ‘किचन किरकोळ’ लिहिलं होतं, 31 पुढे ‘पूजा’, 40 पुढे ‘इतर’. बाझलच्या कस्टम्स एजंटने तिन्हींबद्दल विचारणा केली आणि त्यात दोन दिवस गेले. तेवीसमध्ये प्रत्यक्षात होतं: स्टीलचे डबे 11, पुरणयंत्र 1, सोऱ्या 1, खलबत्ता 1, पोळपाट-लाटणं, सगळं वापरलेलं. एवढंच लिहायचं होतं. पॅकिंगच्या दिवशी घरातल्या एका माणसाने दुसरं काहीही न करता हातात वही घेऊन उभं राहावं. खोक्याचा नंबर, आतल्या वस्तू, संख्या, जुनी की नवी, अंदाजे किंमत. हीच यादी पुढे विम्याला, शिपिंग बिलाला (भारतीय कस्टम्सकडच्या निर्यातीच्या अर्जाला), 18.44 ला आणि मोडतोडीच्या दाव्याला लागते. चार ठिकाणी चार याद्या गेल्या की त्या जुळत नाहीत.

देवघरातून आणि माळ्यावरून

बंदी असलेल्या वस्तू सगळ्यात जास्त देवघरात सापडतात. कापूर हा धोकादायक मालात मोडतो, ज्वलनशील घनपदार्थ म्हणून त्याला स्वतःचा यूएन क्रमांक आहे, 2717. तो सामायिक कंटेनरमध्ये न सांगता गेला आणि सापडला तर दंड होतो, शिवाय इतर लोकांचं सामानही अडकतं. तुपाची बरणी दुग्धजन्य म्हणून स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ दोन्हीकडे बंद. मोरपिसाची निर्यात भारतातूनच बंद आहे, कृष्णाच्या मुकुटातलं एकसुद्धा. जुन्या घरातलं मृगाजिन असेल तर त्याला हातच लावू नये. तुळस कुंडीतल्या मातीसकट जात नाही. सायकलच्या टायरला आणि बागेतल्या बुटांना लागलेली मातीसुद्धा घासून काढावी.

माळ्यावरच्या तांब्या-पितळेचा कायदा वेगळा. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम 1972 प्रमाणे 100 वर्षांहून जुनी वस्तू, आणि 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित, देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचं घंगाळ 90 वर्षांचं की 110 हे कस्टम्सला कसं कळणार? म्हणून शंका येण्यासारख्या वस्तूसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. या घरातलं घंगाळ त्याच कारणाने पहिल्या खेपेत गेलं नाही. हस्तलिखित पोथी काकांकडे राहिली.

सोनं, कागदपत्रं, पॉवर बँक यांपैकी काहीही खोक्यात नको. पहिली दोन हातातल्या बॅगेत, पॉवर बँकही हातातच.

पॅकिंग: जुलैतलं

पुण्यात जुलै म्हणजे दमट हवा. त्या हवेत बंद केलेलं खोकं विषुववृत्त दोनदा ओलांडून थंड बंदरात उतरतं, आणि आतली वाफ कंटेनरच्या छताला लागून थेंबाथेंबाने गळते. म्हणून रजया आणि स्वेटर दोन दिवस कडक वाळवून, पॉलिथिनच्या अस्तरात, सिलिका जेलच्या पुड्यांसह भरावेत. पाऊस असेल तर हीटरसमोर वाळवावेत, पण दमट भरू नयेत. पुस्तकाचं खोकं 18-20 किलोच्या वर नको, वर गेलं की तळ फाटतो. पितळ वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई आणि ओल मिळून डाग पडतात. कोरा कागद वापरावा.

हार्मोनियमसाठी ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं. लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून आयएसपीएम 15 हा आंतरराष्ट्रीय नियम आहे; प्लायवूडला त्याची अट नाही, हे बरोबर. पण सुताराने तळाला फोर्कलिफ्टसाठी दोन कच्च्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या. कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का असलेलं हवं. पट्ट्यांवर शिक्का नव्हता. न्हावा शेवाच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या गोदामात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रॉटरडॅमच्या गोदामात आलं. पट्ट्या काढून नष्ट केल्या, खोकं प्लॅस्टिकच्या पॅलेटवर चढवलं आणि त्याचं बिल पाठवलं. हार्मोनियमच्या भाड्यापेक्षा ते मोठं होतं.

नाव

रॉटरडॅममध्ये त्याच आठवड्यात दुसरं भांडण चालू होतं. बिल ऑफ लेडिंगवर बायकोचं नाव आणि आडनाव एवढंच होतं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं. स्विस परवान्याच्या हमीपत्रावर मात्र लग्नाआधीच्या पासपोर्टवरून घेतलेलं वडिलांचं नाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या संगणकाला या तीन बायका वाटतात. दुरुस्तीचं पत्र पुण्याच्या एजंटकडून यायला चार दिवस लागले, कारण मध्ये गणपती होते.

खबरदारी सोपी आहे: व्हिसावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच शिपिंग बिलावर, बिल ऑफ लेडिंगवर, विम्यावर आणि यादीवर. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा तपासायला येतो, तो घाईत ‘ओके’ करू नये. घरगुती सामानाला आयात-निर्यात कोड लागत नाही, पण सीएचएला, म्हणजे इकडच्या कस्टम्स एजंटला, पॅन, पासपोर्ट, व्हिसा आणि अधिकारपत्र लागतं. युरोपच्या बंदरात नुसतं पारगमनासाठी उतरणाऱ्या मालाचाही तपशील बोटीत चढवण्याच्या 24 तास आधी तिकडे कळवावा लागतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी ‘अजून एक पिशवी घाला’ हे चालत नाही.

मसुद्यात आणखी एक ओळ बदलून घेतली, आणि ती पुढे उपयोगी पडली. नगांच्या रकान्यात ‘5 पॅलेट’ होतं. तिथे ‘5 पॅलेट, त्यात 58 नग’ असं लिहून घेतलं. वाहतूकदाराची जबाबदारी एका नगाला 666.67 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा किलोला 2 एसडीआर, जे जास्त असेल तेवढ्यावर थांबते. बिलावर पाचच नग असतील तर हिशोब पाचाचा होतो.

उतरवताना

ट्रक 10 तारखेला बाझलला पोचला. विचारणेची उत्तरं देऊन 12 ला, शुक्रवारी, कस्टम्स मोकळं झालं. शनिवार-रविवार काही हलत नाही. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी आणि रात्री 10 ते पहाटे 5 अवजड ट्रक रस्त्यावरच येत नाहीत, आणि रविवारी फर्निचर ओढत नेलं तर शेजारी पोलिसांना फोन करतात. सोमवारी सामान आलं. दारासमोरची जागा नगरपालिकेकडून आधीच राखून घेतली होती, नाहीतर ट्रक दोन गल्ल्या लांब थांबला असता आणि सामान ओढून आणण्याचं वेगळं बिल झालं असतं. जिना अरुंद असेल तर खिडकीतून चढवणारी बाहेरची लिफ्ट भाड्याने मिळते. इथे तिची गरज पडली नाही.

दोन खोकी एका कोपऱ्यात ओली होती, हार्मोनियमच्या खोक्याला चीर होती. पोचपावतीवर सही करताना नंबरासहित ‘ओलं, तपासणी बाकी’ असं लिहिलं आणि लगेच फोटो काढले. आतलं नुकसान वरून दिसत नसेल तर समुद्री वाहतूकदाराला तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं. हार्मोनियमचे सूर, म्हणजे आतल्या पट्ट्या, निखळले होते, भात्याची घडी फाटली होती. विमा सर्व जोखमींचा होता आणि पॅकिंग पॅकरने केलेलं होतं, म्हणून दावा मान्य झाला. स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट अशा पॉलिसीत बहुधा वगळलेली असते. विमा घेण्याचं आणखी एक कारण आहे. बोटीवर मोठं संकट आलं तर ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर होतं आणि सगळ्या मालधन्यांना वाटा द्यावा लागतो. मार्च 2021 मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हनच्या वेळी तसं झालं. विमा असेल तर हमी कंपनी देते. नसेल तर रोख अनामत ठेवल्याशिवाय रजईसुद्धा सुटत नाही.

18.44 भरताना नंतर येणारं सामानही त्याच वेळी नोंदवायचं असतं, हे एजंटने विचारलं म्हणून कळलं. सासूबाईंकडे ठेवलेली पुस्तकांची सहा खोकी घाईघाईने यादीत घातली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती करमुक्त आली. घंगाळ लिहायचं राहिलं. पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र नंतर मिळालं, पण आता ते नेलं तर नेहमीच्या आयातीसारखं, किमतीवर आणि भाड्यावर 8.1 टक्के भरून न्यावं लागेल, शिवाय एजंटची फी वेगळी. सध्या ते कोथरूडच्या गॅलरीत आहे, त्यात कढीपत्ता लावला आहे.